तानाजीचा फोन दोनदा आला होता

हे मी कुणालाच बोललेले नाही. नवऱ्याला नाही, पाठच्या बहिणीला नाही. देवापुढं दिवा लावताना ओठ हलायचे माझे, पण हे तेवढं वगळून. देवापुढं वगळून बोलता येतं का? मी बोलले. सात वर्षं बोलले.

लिहिते आहे ती वही कोमलची आहे. कोमल म्हणजे माझी मुलगी, एकुलती एक. ती इंजिनिअरिंगला होती तेव्हाच्या प्रॅक्टिकलच्या वह्या माळ्यावर पडून होत्या — एक पान रेघांचं, एक पान कोरं. त्यातली एक अर्धी शिल्लक निघाली. दुपारी घरात कुणी नसतं. हे शेतात असतात, कोमल कामावर. मी दार लोटून घेते आणि लिहिते. लिहून झालं की वही गव्हाच्या कोठीमागं सरकवते.

सांगायचं आहे ते चार ओळींचं आहे. पण त्या चार ओळींकडं हात जात नाही — जरा थांबा. येते मी तिथपर्यंत.

आधी माझं सांगते. मी चौथी शिकले. पाचवीची शाळा लांब होती, ओढा ओलांडून जायचं होतं, पाठवलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं असंही नाही, खोटं कशाला लिहू? मला माणसांची भीती वाटायची. अजून वाटते. चार अनोळखी माणसं समोर आली की आवाज घशातच राहतो. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात — मी आपली पदराचं टोक पिळत उभी. लग्न होऊन या वस्तीवर आले तेव्हा वर्षभर शेजारच्या बायकांना शंका होती, ही मुकी आहे की काय. सासूबाई होत्या तोवर माझ्या वाटचं त्या बोलायच्या. त्या गेल्या, तोवर कोमल बोलायला लागली होती.

खरंच तसं झालं. सात-आठ वर्षांची असल्यापासून ती माझ्यासाठी बोलायची. रेशनच्या दुकानात, कंडक्टरशी, डॉक्टरांशी. "आईचं डोकं दुखतंय, तीन दिवस झालं, उलटी न्हाय, जेवण कमी हाय." एवढीशी पोरगी टेबलाला हनुवटी टेकवून सांगायची आणि डॉक्टर हसायचे. मी तिच्या मागं. मला ते सोपं पडलं. इतकं सोपं पडलं की आपल्याला तोंड आहे हेच मी विसरून गेले.

आणि वाचायचं — हे नीट सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं यावरच आहे. मला वाचता येतं. मराठी तर येतंच. कोमल पहिलीला एबीसीडी गिरवायची तेव्हा मी भाकरी थापता थापता बघायची, आणि ती शाळेत गेली की तिच्याच पाटीवर गिरवायची. इंग्रजीसुद्धा मला अक्षराला अक्षर लावून लागतं. गावांची नावं, औषधांची नावं. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. सांगितलं असतं तर "वाच बघू" म्हणाले असते, आणि चारचौघांत वाचायचं म्हणजे — नको. हिला काही कळत नाही, असं सगळे धरून चालायचे. मीही चालू दिलं. तसं असलेलं बरं असतं. कुणी काही विचारत नाही.

आमची वस्ती इंदापूरहून बावड्याला जाताना लागते. कारली, दोडका, ढोबळी मिरची असं करतो आम्ही. पाणी आहे, चाललंय. कोमलला शेताची आवड नव्हती आणि आम्हीही तिला वाफ्यात कधी उतरवलं नाही. बारावी सायन्स इंदापूरला केलं. सीईटीला मार्क असे पडले की तिच्या सरांनी ह्यांना बोलावून चहा पाजला.

निकाल लागला आणि आठवड्याभरात घरापुढं गाड्या यायला लागल्या. आमच्याकडं ही पद्धतच आहे. आजूबाजूच्या इंजिनिअरिंग कॉलेजांचे सरलोक उन्हाळा संपता संपता वस्त्यावस्त्यांवर फिरतात. कुठल्या घरात सायन्सचं पोरगं आहे, मार्क किती, सगळं त्यांच्याकडं लिहिलेलं असतं. ज्यानं त्यानं ठरलेल्या आकड्याएवढी पोरं आणायची, नाहीतर त्याच्या नोकरीचं कठीण. एक सर आले होते, बारीक अंगाचे, घामानं डबडबलेले. दोन तांबे पाणी प्यायले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "काकी, कॉलेजच्या नावात काय नसतं. सोनं कुठंबी ठेवा, सोनंच ऱ्हातं."

त्यांची गाडी वळायच्या आत कोमल फिस्सकन हसली. "सोनं कुठंबी ठेवा म्हणं! गहाण ठेवलं तर?"

तिला पुण्याचं सरकारी कॉलेज पाहिजे होतं. नाव लिहीत नाही. जुनं, मोठं कॉलेज आहे, ऐकणारा मान डोलावतो असं. ते नाव तिनं अकरावीपासून प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला इंग्रजीत लिहिलेलं होतं. मी विचारलं एकदा, त्यात असं काय आहे गं? भाजी निवडत होतो दोघी. म्हणाली, "आई, शिकवत्यात सगळीकडं तेच. पण तितल्या पोरांना कंपन्या शोधत येत्यात, आन् आपल्याकडच्या पोरांना कंपन्या शोधत हिंडावं लागतंय."

मला पटलं. पूर्ण पटलं. हे ध्यानात ठेवा. मला कळलं नव्हतं असं कुणी पुढं म्हणू नये.

कारण मी एक बघितलेलं होतं. इंदापूरच्या एका मास्तरांची मुलगी त्याच कॉलेजात गेली होती. चार वर्षं पुणं, मग बेंगलोर, मग परदेश. तिची आई बाजारात भेटायची. मुलगी कशी आहे विचारलं की पिशवीतून फोन काढून फोटो दाखवायची. बर्फात उभी आहे, टोपी घातलेली. सगळ्या बायका म्हणायच्या, नशीब काढलं. मी त्या आईच्या हाताकडं बघायची, फोन धरलेल्या. तेवढंच राहिलं होतं तिच्याकडं.

बघा, मी परत लांब चालले.

फॉर्म इंदापूरला तानाजीनं भरला. तानाजी आमच्या गावचाच, भावकीतला नाही पण घरोब्याचा. स्टँडजवळ त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. तोंडानं फटकळ, कामाला चोख. फॉर्मवर नंबर माझा दिला, कारण घरात मोठा फोन तेवढाच होता. तो असायचा कोमलकडंच, पण नाव माझं. ह्यांचा साधा फोन त्याच महिन्यात पाटात पडला होता आणि दुसरा घेणं झालं नव्हतं.

पहिल्या यादीत जवळचंच कॉलेज लागलं — ते पाणी पिऊन गेलेल्या सरांचं. ते तिनं सगळ्यात शेवटी टाकलेलं. ती म्हणाली, थांबू, दुसऱ्या यादीत वरचं लागेल. आणि दुसरी यादी यायच्या आधी तिला ताप आला.

डेंग्यू निघाला. बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं. अंगावर पुरळ, डोळे उघडले की दुखायचे. डॉक्टरांनी फोन बघायला सक्त मनाई केली. फोन माझ्याकडं आला. कोमल मला म्हणाली, "तानाजीदादाचा फोन आला की मला उठव. झोपले असले तरी उठव." हे दोनदा म्हणाली.

दवाखान्यात माझे काय हाल झाले ते सांगायला नको. रक्त कुठं द्यायचं, कागद कुठल्या खिडकीवर, गोळ्या कुठल्या मजल्यावर — कुणी विचारलं की मी कोमलकडं बघायची, आणि ती तापात, मिटल्या डोळ्यांनी, माझ्या वतीनं सांगायची. नर्सबाई एकदा म्हणाल्या, "आजारी कोण, तुमी का ती?" बाजूच्या खाटेवरच्या बायका हसल्या. मीही हसले. आणि हसता हसता मला वाटलं — ही गेली तर? पुण्याला गेली, मग बेंगलोरला, मग बर्फात — तर मला कोण?

तिला काय होईल, असं नाही वाटलं मला. मला कोण, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते.

"काकी, लागलं की वो कोमलला! पुण्याचं! पयल्या नंबरला टाकलेलं तेच लागलं!" तानाजी ओरडतच होता. "परवा पाचच्या आत तितं जाऊन घ्यायला लागतंय. न्हाय घेतलं तर समदंच जातंय, आधीचं बी आन् पुढचं बी. द्या तिला फोन."

"झोपलीया ती."

"उठली की सांगा. न्हायतर काकांना कागदं घिऊन लावून द्या, तरी चालतंय. मी सांगतो काय करायचं ते."

"व्हय," म्हणाले मी.

तोवर माझ्या मनात काही नव्हतं. खरंच नव्हतं. मी उठले, आत गेले. कोमल जागी होती, सलाईनच्या बाटलीकडं तोंड करून पडली होती. तिनं विचारलं, "कुणाचा फोन गं?"

मी म्हणाले, "कंपनीचा."

झालं. हेच ते. एवढंच सांगायला इतकी पानं लागली.

पण तेवढ्यावर थांबले असते तर चूक म्हणता आली असती. तोंडातून निघून गेलं, घाबरले, नंतर सांगितलं — असं करता आलं असतं. ह्यांना सांगितलं असतं तर ते पहिल्या एसटीनं पुण्याला गेले असते, अंगावरच्या कपड्यांनी. सांगायला वेळ होता. परवा संध्याकाळपर्यंत वेळ होता. मी काय केलं? थोड्या वेळानं मेसेज आला, इंग्रजीत. मी जिन्यात जाऊन तो अक्षर लावून लावून वाचला. कॉलेजचं नाव मला लगेच लागलं, पुठ्ठ्यांवर दोन वर्षं बघितलेलं. परत एकदा वाचला. मग पुसला. मेसेज पुसता येतो मला, हेही कुणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानाजीचा परत फोन. "काय झालं काकी? कोण निघालं?"

मी म्हणाले, "सांगितलं तिला. ती बघते म्हणली."

"बघते काय? उद्याचा शेवटचा दिस हाय! द्या की जरा तिला."

"डाक्टर आल्यात," म्हणाले आणि ठेवला. डॉक्टर आलेले नव्हते. फोन बंद केला आणि पिशवीत तळाला, तिच्या गाऊनखाली घातला. संध्याकाळी कोमल म्हणाली, यादी लागली असेल, फोन दे, एक मिनिट बघते. मी सांगितलं, बॅटरी उतरली, चार्जर घरी राहिला. चार्जर त्याच पिशवीत होता. हे डबा घेऊन आले, तिच्या कपाळावर हात ठेवून बसले, गेले. त्यांना काही सांगितलं नाही.

मी घशात आवाज अडकणारी बाई — आणि त्या तीन दिवसांत एकदाही अडकला नाही. खोटं इतकं सरळ येत होतं की माझं मलाच नवल वाटलं. खरं बोलायला मला माणसं लागायची, हे मात्र एकटीला जमलं.

तिसऱ्या दिवशी पाच वाजले. वॉर्डात भिंतीवर घड्याळ होतं. मी कोमलची वेणी घालत होते. बरी दिसत होती, ताप उतरला होता. पाचावर काटा गेला, थोडा पुढं सरकला. काय वाटलं सांगू? हलकं वाटलं. पाठीवरचा भारा उतरवल्यासारखं. वेणी मी छान घट्ट घातली.

घरी आल्यावर तिनं पहिला फोन लावला चार्जिंगला. कसं कुठं उघडून बघायचं ते तिला येत होतंच. बघितलं, आणि बघतच राहिली. रडली नाही. चप्पल पायात घालून म्हणाली, पप्पा, तानाजीदादाकडं चला. अंगात ताकद नव्हती तिच्या. हे, ती आणि मी — तिघं एका मोटरसायकलवर इंदापूरला गेलो.

दुकानात गर्दी होती. तानाजी तिला बघून उभाच राहिला. "अगं, मी दोनदा फोन केला! दोनदा! इचार काकींना!" मग माझ्याकडं वळला. "काकी, सांगा की. ती बघते म्हणली, आसं म्हणला का न्हाय तुमी?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. फॉर्म भरायला आलेली पोरं, त्यांचे आईबाप.

मी म्हणाले, "मला काय कळतंय बाबा त्यातलं. कुणाचा तरी फोन आलता. मला वाटलं, कंपनीचा."

आणि सगळ्यांना ते खरं वाटलं. का नाही वाटणार? ह्यांनी तानाजीला धरलं. "चौथी शिकल्याल्या बाईला सांगून मोकळा झालास व्हय रं? तुझी अक्कल कुठं चरायला गेलती? वस्तीवर यायला काय झालतं?" तानाजी काहीतरी बोलायला गेला आणि मध्येच थांबला. तो माझ्याकडं बघत होता. त्याला कळलं. या जगात माझ्याशिवाय हे कुणाला ठाऊक असेल तर त्याला.

कोमलनं ह्यांचा हात धरला. म्हणाली, "पप्पा, असू दे. आईला ह्यातलं काय कळणार?" आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला सांभाळल्यासारखा.

ह्यांनी ही गोष्ट गावात सांगितली, पाव्हण्यांत सांगितली. तानाजीनं आमच्या पोरीचं वाटोळं केलं. लोक त्याच्याकडं फॉर्म भरायचे कमी झाले. वर्ष-दीड वर्षात दुकान गेलं. आता तो बारामती एमआयडीसीत एका कंपनीत आहे. सकाळी मोटरसायकलवरून आमच्याच रस्त्यानं जातो. मी कधी कडेला गवताचा भारा घेऊन उभी असते. तो समोर बघून जातो. एका शब्दानं त्यानं मला कधी विचारलं नाही.

कोमल जवळच्या कॉलेजात गेली. पहिल्या यादीची सीट तर गेलीच होती, पण त्या सरांनी तिला कॉलेजच्याच कोट्यातून घेतलं. बस वस्तीच्या तोंडाशी यायची. चार वर्षं ती सकाळी जायची, संध्याकाळी यायची. मी गरम भाकरी वाढायची. माझ्यासाठी सगळं तसंच राहिलं. बँक, दवाखाना, पाव्हणेरावळे — कोमल होती. मी सुखात होते. हे लिहिताना लाज वाटते, पण होते. तिच्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर मात्र आता काही लिहिलेलं नसायचं. मी बघायची.

ती तिथं पहिली यायची. दरवर्षी. शेवटच्या वर्षी तिच्या कॉलेजात दोन कंपन्या आल्या. एकीनं कुणालाच घेतलं नाही. दुसरीला दारोदार जाऊन पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारी पोरं पाहिजे होती. मग ती घरी बसून फोनवरनं अर्ज भरायला लागली. एक दिवस मी शेंगा फोडत तिच्या शेजारी बसले होते. ती बोटानं एक लांब यादी वर सरकवत होती, खाली नेत होती, परत वर. मी विचारलं, काय शोधतेस? म्हणाली, "ह्यात आपलं कॉलेज निवडायचं असतंय. आपलं ह्यात न्हाय." मग तिनं सगळ्यात खालचं काहीतरी दाबलं. म्हणाली, "इतर." आणि हसली. मला तिचं ते हसणं बघवलं नाही, मी शेंगांची टरफलं टाकायला उठून गेले.

अशी किती ठिकाणी ती 'इतर' झाली, मोजलं नाही मी. डाळजची मेघना तिच्या बारावीच्या वर्गातली. मार्क कोमलपेक्षा कमी, पण पुण्याचं बऱ्यापैकी नावाचं कॉलेज मिळालं. तिला शेवटचं वर्ष संपायच्या आत नोकरी. मेघनानं आपणहून फोन केला होता, कोमलचा अर्ज माझ्या कंपनीत देते म्हणून. चार दिवसांनी परत फोन आला. त्यांच्याकडं ठरावीक कॉलेजांचीच मुलं घेतात. कोमल म्हणाली, "अगं असू दे गं, तू कशाला वाईट वाटून घेतीस?" समजूत काढायची पाळी परत तिचीच.

लोक म्हणतात, कॉलेजच्या नावानं काय होतं, शिकणारा कुठंही शिकतो. असेल. काहींचं होतही असेल. मला त्यातलं एवढंच कळतं की त्या नावानं होतं, हे मला आधी कळलं होतं. म्हणूनच तर मी ते केलं. नाव साधं असतं, चार वर्षं शिकून पोरगी परत आली असती, तर मी तानाजीचा फोन धावत नेऊन दिला असता. ते नाव तिला लांब नेईल इतकं मोठं होतं, म्हणून मी ते पुसलं. अडाणीपणानं नाही. कळत होतं म्हणून.

कोमलनं मग एमआयडीसीत एका दूध डेअरीत वर्षभर काम केलं, टँकरच्या पावत्या कॉम्प्युटरवर चढवायचं. दहावी शिकलेला माणूसही तेच करत होता शेजारी बसून. तिथनं ती आपल्याच कॉलेजात लागली, लॅबमध्ये, प्रॅक्टिकल घ्यायला. कंत्राटावर, दरवर्षी नव्यानं. मुलं मॅडम म्हणतात. आणि प्रवेशाचे दिवस आले की तिलाही वस्त्यांवर फिरावं लागतं. ठरलेली पोरं आणायची. नाही आणली तर पुढच्या वर्षी कंत्राट नाही.

गेल्या वर्षी तिला एक नाव कमी पडत होतं. मला म्हणाली, "आई, तू चल. बाईमाणूस संगं असलं की घरातल्या बाया बोलत्यात." मी गेले, तिच्या स्कुटीवर मागं बसून. बावड्याला एका घरी. मुलगी हुशार, पुण्याचं चांगलं कॉलेज लागलेलं — तेच नाही, पण तसंच. तीन दिवसांत घ्यायचं होतं. बाप गप्प माणूस, आईच्या मनात पाठवायचं की नाही याचा घोळ. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होती, आत-बाहेर न करता.

कोमल बोलायला लागली. छान बोलते ती. बस दारात येते, मुलींना भीती नाही, लॅब नवीन आहे. मग म्हणाली, "शेवटी काकी, कॉलेजच्या नावात काय नसतं. पोरगी हुशार असली की झालं." बोलताना ती त्या मुलीकडं बघत नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

ती बाई कोमलकडून माझ्याकडं वळली. "ताई, तुमी सांगा. तुमी पोरगी जवळच ठेवली. बरं झालं का वाईट झालं?"

मला वाटलं, आता आवाज अडकेल. अनोळखी घर, चार माणसं. अडकला असता तरी चाललं असतं, मी तशीच आहे, कुणाला नवल वाटलं नसतं. खरं सांगायलाही तीच वेळ होती. एक शब्द पुरला असता. 'वाईट' एवढाच. पण मग कोमलचं कंत्राट? आणि तिनं घरी येताना विचारलं असतं, आई, तू असं का म्हणालीस? काय सांगितलं असतं मी?

मी म्हणाले, "बरं झालं. पोरगी डोळ्यांम्होरं हाय. आपल्याला दुसरं काय पायजे?"

त्या आईनं मान हलवली. तिला पाहिजे होतं तेच मी दिलं. मुलीनं कप खाली ठेवले आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या बापाचा कोमलला फोन आला.

परत येताना कोमल खुशीत होती. पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा म्हणाली, "आई, तू चारचौघांत बोललीस गं! पयल्यांदाच बघितलं मी. तुझ्यामुळं झालं आज."

कंत्राट पुढं चाललं. कोमलला मी काही सांगितलेलं नाही. सांगणार आहे असंही लिहीत नाही, कारण तसं लिहिलं की सांगितल्यासारखं वाटतं.

परवा इंदापूरच्या स्टँडवर ती बावड्याची मुलगी भेटली. गळ्यात कोमलच्या कॉलेजचं ओळखपत्र होतं. मला बघून गर्दीतनं वाट काढत आली, "काकू, बऱ्या आहात ना?" म्हणाली, आणि वाकून पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत.